कॅन्सरशी झुंजणाऱ्या मुलांची मदत थांबवू नका : सोलापूरच्या दानशूरांना खुले पत्र

सोलापुरातील सार्वजनिक न्यासांचे विश्वस्त, कारखान्यांच्या सीएसआर (कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या) समित्यांचे सदस्य आणि उत्सव मंडळांचे पदाधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी एका न्यासाच्या यंदाच्या वार्षिक सभेत एक ठराव मंजूर झाला. कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांना मुंबईच्या जाण्यायेण्यासाठी आणि तिथल्या राहण्यासाठी दरमहा मदत दिली जायची. ते खातेच बंद करायचे आणि ती रक्कम वर्धापनदिनाच्या वह्यावाटपाकडे वळवायची, असे ठरले. मी त्या न्यासाचा वर्गणीदार सभासद आहे. सभेला हजर होतो. विरोधात हात वर केला, बोलायला उभा राहिलो, तेवढ्यात 'वेळ फार झाला' म्हणून पुढचा विषय घेतला गेला. न्यासाचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण एका संस्थेला चव्हाट्यावर आणण्यासाठी हे पत्र नाही. हाच विचार गावातल्या अनेक बैठकांत आणि देणग्यांच्या याद्या करताना मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. म्हणून सगळ्यांना जाहीरपणे लिहितो आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. देणगीची पावती कोणत्या खात्याला टाकायची, देणगीवर आयकरातली ऐंशी-जीची सूट कधी मिळते, मार्चअखेरीस कोणती रक्कम घाईघाईने कुणाला दिली जाते, हे सगळे माझ्या हातांखालून जाते. आणि मी बाप आहे. माझी मुलगी पहिलीत असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला. ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, वॉर्डात सगळे ज्याला 'एएलएल' म्हणतात तो. आज ती आठवीत आहे आणि शाळेच्या खो-खो संघात खेळते. ती वाचली त्यात डॉक्टरांचा वाटा आहे, सरकारी योजनेचा आहे, आणि ज्यांचे तोंडही आम्ही कधी पाहिले नाही अशा देणगीदारांचा आहे. जे खाते आता बंद झाले, त्याच खात्यातून आमचा वाटखर्च निघाला होता. मुलगी बरी झाल्यावर मी त्या न्यासाचा सभासद झालो तो याच कारणाने.

ठरावाच्या बाजूने जे बोलले गेले, त्याला मला उत्तर द्यायचे आहे.

एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे असे की, या खात्यात लाभार्थी फार कमी. वर्षाला मोजकी मुले, आणि वह्या मात्र हजारो मुलांच्या हातात पडतात. वह्या वाटू नका असे मी म्हणत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, वही ही चैनीची गोष्ट असलेली घरे मी पाहिली आहेत. पण एका मदतीची मान मुरगळून दुसरी कशासाठी? मुलांमध्ये कॅन्सर विरळा, हे खरे. देशात दरवर्षी अंदाजे ५० ते ७५ हजार मुलांना तो होतो, मोठ्यांच्या कॅन्सरपुढे हा आकडा लहानच. परंतु बरे होण्याचे प्रमाण पाहा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट या संघटनेने २०१८ मध्ये ठरवले आहे.

हा फरक नव्या महागड्या औषधांमुळे पडतो, असे बऱ्याच जणांना वाटते. एएलएलपुरते तरी तसे नाही. या आजाराची मुख्य औषधे चाळीस-पन्नास वर्षांहून जुनी आहेत, त्यांतली बहुतेक भारतात बनतात. मुले जातात ती निदान उशिरा झाल्याने, उपचार मध्येच सुटल्याने, वेळेवर प्लेटलेट न मिळाल्याने आणि केमो चालू असताना जंतुसंसर्ग झाल्याने. यांतल्या प्रत्येक कारणाला पैशाने अडवता येते, आणि तो पैसा इमारत बांधण्याइतका लागत नाही. सहा वर्षांचे मूल वाचले की त्याच्यापुढे अख्खे आयुष्य असते. लाभार्थी मोजताना ही वर्षेही धरा.

दुसरा मुद्दा आला तो सरकारचा. 'महात्मा फुले योजनेत सगळे फुकट होते, मग आपण कशाला?' या योजनेबद्दल मला कृतज्ञताच आहे. तिचे आधीचे रूप, राजीव गांधी जीवनदायी योजना, २०१२ मध्ये राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला सोलापूर होता. आता मर्यादा पाच लाखांपर्यंत गेली आहे. केमोचा, दाखल होण्याचा मोठा बोजा ती उचलते. ती नसती तर आमच्यासारखे लोक पहिल्याच महिन्यात घरी परतले असते.

पण योजना पैसे देते ते हॉस्पिटलला. मूल राहते कुठे, आई खाते काय, घरी राहिलेल्या दुसऱ्या लेकराला कोण बघते, हे तिच्या कक्षेत येत नाही.

केमोनंतर पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की, साधा ताप आला तरी तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे लागते. म्हणून डॉक्टर सांगतात, सुरुवातीचे महिने हॉस्पिटलजवळच राहा. जवळ म्हणजे परळ-दादर. तिथल्या एका खोलीचे भाडे यंत्रमाग कामगाराच्या महिन्याच्या पगारात बसत नाही. मग काहीजण फूटपाथवर प्लॅस्टिक ताणून राहतात. डास, धूर, गटाराचे पाणी, आणि त्यात काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, खाली गेलेले मूल. औषध फुकट मिळाले तरी असे मूल तापाने जाऊ शकते. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचे पूर्ण भाडे माफ करते आणि सोबतच्या एकाला पाऊण, हेही खरे. परंतु सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे आरक्षण मिळाले नाही आणि मुलाचे काउंट पडलेले असले, तर जनरल डब्याच्या गर्दीत त्याला नेता येत नाही. मग भाड्याची गाडी करावी लागते. सोलापूर ते मुंबई रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर.

मजुरी बुडते ती वेगळीच. मुलासोबत आई जाते, म्हणजे घरातल्या विड्या वळणे थांबते. बाप गेला तर मागावरची हजेरी जाते. आधी मालकाकडून उचल, मग पतपेढीचे कर्ज, मग गळ्यातले गहाण. आमच्या घरीही याच क्रमाने झाले. आणि या तिन्ही पायऱ्या उतरून झाल्यावर, मूल जरा हसू-खेळू लागले की, घरातले कोणीतरी म्हणतेच, 'आता बरे दिसते आहे, पुरे झाले.' ते निर्दयी असतात म्हणून नाही, त्यांच्याजवळचे सगळे संपलेले असते म्हणून. पण मूल बरे दिसणे म्हणजे आजार गेला असे नव्हे. पहिल्या महिन्यातच बहुतेक मुलांच्या रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात. उपचार तिथे थांबवला तर आजार उलटतो, आणि उलटलेला आजार बरा करणे फार अवघड.

परळच्या टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाचाच अनुभव घ्या. साधारण २००९ पर्यंत तिथे येणाऱ्या मुलांपैकी पाचातल्या एकाचे कुटुंब उपचार नाकारत असे किंवा अर्धवट सोडत असे. मग तिथल्या मुलांच्या विभागाने देणग्यांच्या बळावर राहणे, आहार, रक्त, समाजसेवक, घरी गेलेल्यांची फोनवरून विचारपूस अशी सगळी मोट बांधली. काही वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. औषधे, डॉक्टर आधीही होतेच. बदल घडवला तो खोली, जेवण आणि विचारपुशीने. म्हणजे नेमका तोच खर्च, जो आपल्या सभेने 'किरकोळ' म्हणून बंद केला.

मुंबईत हे काम करणारे आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाला येणाऱ्या महाराष्ट्रभरच्या रुग्णांना आसरा देते. ज्या बाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या, त्यांच्याच नावाची ती. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था केवळ कॅन्सरच्या मुलांसाठी आहे. कुटुंबाला स्वच्छ खोली, स्वतःचे अन्न शिजवण्याची सोय, मुलांना शाळा, आईबापांना धीर, सगळे विनामूल्य. हे सारे देणग्यांवर उभे आहे. पण मागणाऱ्यांच्या मानाने खोल्या कमी आहेत, आणि सोलापूरहून निघालेल्या कुटुंबाला तिथवर पोहोचवण्याचे, मधल्या काळात सावरण्याचे काम सोलापूरकरांनीच करायला हवे.

तिसरे कारण मला सर्वांत जास्त लागले. 'हा खर्च लांबत जातो, शेवट दिसत नाही, आणि त्यावर कार्यक्रमही घेता येत नाही.' लांबत जातो, कारण उपचारच लांब आहे. एएलएलचा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो. सुरुवातीची जोरदार केमो संपली की मेन्टेनन्स सुरू होतो. घरी राहून रोज रात्री सिक्स-एमपी या केमोच्या औषधाची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे दुसरे औषध, ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी आणि मध्येमध्ये पाठीतले इंजेक्शन. सिक्स-एमपीची गोळी पन्नास मिलिग्रॅमची येते. मुलाची उंची, वजन आणि काउंट पाहून डोस ठरतो, म्हणून कधी सोमवार ते शुक्रवार अर्धी, शनिवार-रविवार एक, असा हिशेब असतो. माझी बायको हातमोजे घालून ब्लेडने गोळी चिरायची, कारण उघड्या हाताने ती हाताळू नये असे सिस्टरांनी बजावले होते. गोळी पोटात गेली की कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात टिंब. काउंट बदलले की नवा डोस, मग खाडाखोड करून नवे आकडे. ते कॅलेंडर आमच्या घरात आजही आहे.

हे इतक्या बारकाईने सांगण्याचे कारण आहे. या गोळ्यांवर झालेले संशोधन सांगते की, पाच टक्क्यांहून जास्त डोस चुकले तरी आजार उलटण्याचा धोका दुपटीहून अधिक वाढतो. पाच टक्के म्हणजे महिन्यातल्या दीड-दोन रात्री. गावात गोळी मिळाली नाही, तपासणीला पैसे नव्हते म्हणून डोस कळला नाही, आई एकटी होती आणि विसर पडला, एवढ्यावर अडीच वर्षांचे कष्ट वाया जाऊ शकतात. अशा घराला फीत कापण्यासारखा कार्यक्रम नको असतो. त्याला महिन्याच्या महिन्याला, न मागता, ठरलेल्या तारखेला मिळणारी थोडी रक्कम हवी असते. अक्कलकोटचे अन्नछत्र रोज चालते म्हणूनच त्याला मोल आहे. वर्षातून एकदाच पंगत वाढली असती, तर लोकांनी त्याला अन्नछत्र म्हटले नसते.

आता संशोधनाकडे येतो, कारण सभेत ते सर्वांत सहज झटकले गेले. 'संशोधन हे सरकारचे, विद्यापीठांचे काम. सोलापूरच्या न्यासाचा त्याच्याशी काय संबंध?'

संबंध आहे, आणि आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाने तर तो अभिमानाने ऐकावा असा आहे. १८९५ मध्ये भीमावरम इथे जन्मलेले तेलुगू वैद्यकशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव. शिक्षणासाठी अमेरिकेला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. सासऱ्यांनी जमवलेली रक्कम आणि काकीनाड्याच्या मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय संस्थेने दिलेले मदतीचे आश्वासन, यावर ते १९२२ मध्ये बोस्टनला पोहोचले. पुढे लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिडला अडवणारी औषधे तयार केली. ती औषधे बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिली. १९४८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात १६ मुले होती, त्यांतल्या १० मुलांचा आजार काही काळापुरता का होईना, मागे हटला होता. तोवर हे मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाणार, यापलीकडे डॉक्टर काही सांगू शकत नव्हते. त्याच घराण्यातले औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. माझी मुलगी दर आठवड्याला जी पिवळी गोळी घेत होती ती. काकीनाड्याच्या त्या धर्मादाय संस्थेने एका गरीब विद्यार्थ्याच्या मागे उभे राहायचे ठरवले, तेव्हा त्या मदतीचा 'लाभार्थी' एकच होता.

फार्बरांचे काम पुढे चालले तेही लोकांच्या पैशावर. १९४८ मध्येच एका रेडिओ कार्यक्रमातून त्यांच्या वॉर्डातल्या एका मुलाला 'जिमी' या टोपणनावाने लोकांसमोर आणले गेले, आणि बघता बघता दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्यातून उभा राहिलेला जिमी फंड आजही चालू आहे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९६२ मध्ये सुरू झालेले सेंट ज्यूड रुग्णालय तर मुख्यतः सामान्य लोकांच्या देणग्यांवर चालते, रुग्णाच्या घरच्यांना बिल देत नाही. ते उघडले तेव्हा एएलएल झालेल्या १०० मुलांपैकी ४ वाचायची, आज तिथे ९४ वाचतात. जे शिकले ते त्यांनी जगाला मोकळे करून दिले.

आपल्या देशातही ही परंपरा जुनी आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी ल्युकेमियाच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट सुरू झाला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय दोराबजी टाटा ट्रस्टच्या दानातून उघडले. सरकारकडे ते नंतर गेले. ज्या दाराशी सोलापूरची मुले आज उभी राहतात, ते दारच मुळात दानाचे आहे.

आणि बार्शी? आपल्याच जिल्ह्यातले नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथे सुरू झाली. गावोगाव फिरून कोणाला कोणता कॅन्सर झाला हे लिहून ठेवणारी माणसे तिथे तयार झाली. त्या पायावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३० हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याला गेट्स फाउंडेशनच्या देणगीचा आधार होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये या अभ्यासाने जगाला दाखवले. तो मुलांचा कॅन्सर नव्हे. पण सोलापूर जिल्ह्यातल्या माणसांनी, देणगीच्या पैशावर, जगाने मान्य करावे असे संशोधन केले आहे. तेव्हा 'संशोधन आपले काम नाही' हे वाक्य निदान या जिल्ह्यात तरी कोणी उच्चारू नये.

मुलांच्या बाबतीत इथल्या संशोधनाची गरज तर जास्तच आहे. परदेशातला केमोचा आराखडा जसाच्या तसा आपल्या मुलाला लावता येत नाही. आपली मुले उशिरा येतात, कुपोषित असतात, जंतुसंसर्गाने त्यांच्यातली जास्त दगावतात. म्हणून भारतातल्या मोठ्या केंद्रांनी एकत्र येऊन एएलएलसाठी 'आयसिकल' नावाचा सामायिक अभ्यास हाती घेतला. काही औषधे कमी करूनही तितकीच मुले वाचतील का, हे त्यात पाहिले जाते. काही केमो औषधांचा हृदयावर वर्षांनंतरही परिणाम होऊ शकतो, म्हणून माझ्या मुलीची आजही इको तपासणी होते. तिच्यासारखी हजारो मुले मोठी होत आहेत. त्यांची नोंद कोणीतरी ठेवायला हवी. त्यासाठी लागतो एका डेटा नोंदवणाऱ्याचा पगार, एका समाजसेविकेचा पगार, फोनचा खर्च. यांवर कोनशिला बसत नाही, म्हणून देणगीही बसत नाही. मशीन द्यायला दहा जण पुढे येतात आणि ते चालवणाऱ्या माणसाच्या पगाराचे नाव काढले की सगळे गप्प होतात.

एक गोष्ट थोडक्यात सांगतो, ती अजूनही बोचते. मदतीचा धनादेश देण्याच्या एका कार्यक्रमात फोटोसाठी माझ्या मुलीला मास्क आणि डोक्यावरची टोपी काढायला लावली. तिचे काउंट त्या आठवड्यात खाली होते, आणि मंचावर पंचवीसेक माणसे होती. नंतर तो फोटो नावासकट चौकातल्या फ्लेक्सवर लागला. पुढे शाळेत काही पालकांनी 'हे लागण होणारे तर नाही ना' म्हणून बाईंना विचारले. कॅन्सरची लागण होत नाही. पण ती मुलगी आहे, तिला याच गावात मोठे व्हायचे आहे. आजारातले तिचे रूप चौकाचौकात दाखवायचा अधिकार धनादेशाबरोबर विकत मिळत नाही.

तर माझ्या मागण्या.

ज्या न्यासाने खाते बंद केले, त्याने ते पुन्हा सुरू करावे. रक्कम थोडी असली तरी चालेल, पण एकदा मूल घेतले की त्याचा उपचार संपेपर्यंत ती थांबू नये. मुले कमी घ्या, अर्ध्यात सोडू नका. इतर न्यासांनीही 'बालरुग्ण प्रवास व निवास' असे स्वतंत्र खाते काढावे आणि वर्षाअखेरीला किती कुटुंबांना काय दिले, किती मुलांचा उपचार पूर्ण झाला, हे आकडे नावांशिवाय सूचनाफलकावर लावावेत. हिशेब लिहिणारा माणूस म्हणून हे काम मी विनामोबदला करायला तयार आहे.

सीएसआर समित्यांना माझे सांगणे असे. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली येणाऱ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के द्यावेच लागतात, आणि आरोग्य त्यात बसते. 'चालू प्रकल्प' म्हणून सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे खर्च करण्याची मुभाही नियमांत आहे. एएलएलचा उपचार त्या मुदतीत पूर्ण बसतो. तेव्हा मार्चअखेरची एकरकमी देणगी देण्यापेक्षा तीन वर्षांसाठी माणसांचे पगार द्या. सोलापुरातच तापाच्या मुलाला तातडीने दाखल करून घेणारी खाट, मेन्टेनन्समधल्या मुलांच्या रक्ततपासण्या, मुंबईच्या डॉक्टरांशी फाईलवर बोलणारी एक प्रशिक्षित सिस्टर आणि एक समाजसेवक, एवढे उभे राहिले तर अनेक कुटुंबांच्या मुंबईच्या फेऱ्या कमी होतील. सिव्हिलच्या आणि धर्मादाय रुग्णालयांच्या डॉक्टरांना एकत्र बसवून काय हवे ते त्यांनाच विचारा. आणि दर शंभर रुपयांतले निदान दहा नोंदणी, पाठपुरावा आणि संशोधनासाठी बाजूला काढा.

मंडळांनो, तुम्ही जयंतीला आणि गणेशोत्सवात रक्तदान शिबिरे घेता, त्याबद्दल मनापासून आभार. पण प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात. उत्सवात बाटल्यांचा ढीग होतो आणि मे महिन्यात, सोलापूर तापलेले असताना, एका मुलासाठी बाप रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवतो. प्रत्येक मंडळाने मशीनवर प्लेटलेट देऊ शकणाऱ्या निरोगी तरुणांची यादी करावी, रक्तगटासकट, आणि महिने वाटून घ्यावेत. आषाढ या मंडळाचा, श्रावण त्या मंडळाचा. असे दान वर्षातून अनेकदा करता येते, त्यात लाल पेशी परत शरीरात सोडल्या जातात. खर्च जवळजवळ काही नाही. मिरवणुकीला पन्नास पोरे रात्रभर उभी राहतात, त्यांतली पाच जरी या यादीत आली तरी खूप झाले.

आणि सगळ्यांना एकच विनंती वजा अट : मुलाचा फोटो नको, नाव नको, मंचावर बोलावणे नको. देणगीदाराचे नाव हवे तर मोठ्या अक्षरांत लावा.

सोलापूर दान करायला मागे नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, ते लोकवर्गणीतून पाठवले गेले होते. कधी न पाहिलेल्या माणसांसाठी पैसे देणारी ती पिढी होती. इथली मुले तर आपल्या गल्लीतली आहेत.

न्यासाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर 'बालरुग्ण प्रवास व निवास खाते पूर्ववत सुरू करणे' हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज मी आज कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. सभासदांपैकी ज्यांना हे पटते त्यांनी असाच अर्ज द्यावा आणि सभेला यावे. या वेळी मला बोलायला पाच मिनिटे मिळावीत, एवढी अध्यक्षांकडे मागणी आहे.

आपला,
एक सभासद आणि पालक
पूर्व भाग, सोलापूर